बीएससी करता करता एनसीसी करू का? बाबा म्हणते बॉन्ड असतो

तर्रीपोहा_07:
मी नागपुरातच बीएससी फर्स्ट इयरला आहे. फौजेत ऑफिसर व्हायची एनडीएची परीक्षा बारावीत दिली होती, रिटनमध्येच उडालो. आता कॉलेजात एनसीसीची भरती सुरू होऊन राहिली. सीनियर म्हणते एनसीसीचं सी सर्टिफिकेट काढ, मग परीक्षाच नाही, डायरेक्ट फौजेत ऑफिसर. बाबा म्हणते एकदा नाव टाकलं की बॉन्ड, अन् युद्ध लागलं तर आधी तुलाच उचलतील. आणि ओटीए, म्हणजे ऑफिसर ट्रेनिंग अकॅडमी, तर आपल्या कामठीलाच आहे ना, मग ट्रेनिंग घरूनच अप-डाऊन होईल काय? सिरियसली विचारून राहिलो, हसू नका.

खाकी_सुटली_नाही:
नाही हसत म्हटलं पण कामठीवर हसलोच बे 😂 कामठीची ओटीए एनसीसीची आहे, तिथं तुझ्या कॉलेजचे सर ट्रेनिंगला जाते, एएनओ, म्हणजे कॉलेजातले एनसीसी ऑफिसर, व्हायला. तुझी ओटीए चेन्नईला, 49 आठवडे, डबा घेऊन जाता येत नाही.

सीनियरचं अर्धंच खरं आहे. सी सर्टिफिकेटमध्ये किमान बी ग्रेड अन् पदवीत 50 टक्के असले की एनसीसीवाल्यांच्या स्पेशल एन्ट्रीत सीडीएसचा (पदवीवाल्यांची ऑफिसर व्हायची लेखी परीक्षा) पेपर द्यावा लागत नाही, एसएसबी, म्हणजे फौजेची निवड-मुलाखत, चुकत नाही. मी स्वतः भोपाळला गेलो होतो, पहिल्याच दिवशी धूसर चित्र 30 सेकंद दाखवलं, 4 मिनिटांत गोष्ट लिहायची, मी हिरोला पुरातून चार लोक वाचवायला लावलं, मग ग्रुपमध्ये चर्चा सुरू झाली तर माझ्या तोंडून आवाजच निघेना, दुपारी चेस्ट नंबर परत घेतला अन् रात्रीच्या गाडीनं नागपूर. परेड ग्राउंडवर गळा फाडून कमांड देणारा मी!

रामटेकची_पोट्टी:
पोरींसाठीही आहे बरं का ही एन्ट्री, कोणी सांगतच नाही. बाकी त्रास खरा म्हणजे रविवारच्या परेडचा. सगळे झोपलेले अन् आपण पहाटे बूट चमकवत बसलो, नवीन डीएमएस बुटांनी टाचा सोलून निघतात, दोन मोजे घाल. 10 दिवसांचा कॅम्प नेमका प्रॅक्टिकलच्या वेळी आला तर आधीच सरांना लेखी देऊन ठेव, तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही, माझं एक प्रॅक्टिकल असंच गेलं. आणि मार्क पडू देऊ नको, 50 टक्के हुकले तर सर्टिफिकेट फक्त फ्रेम करायला.

काका_जरीपटका:
बाळा, बाबांना सांग, एनसीसी कॅडेटवर फौजेत जायचं कसलंच बंधन नसतं, तसं 1948 च्या कायद्यातच आहे. माझ्या पोरानंही तीन वर्षं केलं अन् आता बँकेत आहे, कोणी उचलून नेलं नाही. दुसरं, स्पेशल एन्ट्री म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, 10 वर्षं, वाढली तर अजून 4. कायमचं कमिशन पाहिजे तर सीडीएसचा पेपर देऊन डेहराडूनच्या आयएमएचा (इंडियन मिलिटरी अकॅडमी) रस्ता धर, तिथंही सी सर्टिफिकेटवाल्यांना 13 जागा राखीव असतात. दोन्ही फॉर्म भर. एसएसबीच्या तयारीला नाशिक रोडला सरकारी छात्रपूर्व केंद्र आहे, फुकट, खाजगी क्लासला हजारो रुपये घालण्याआधी तिथं विचार.

तर्रीपोहा_07:
धन्यवाद सगळ्यांना 🙏 काकांचा मेसेज बाबांना वाचून दाखवला, ते म्हणते बँकेचं काय म्हणाले ते परत वाच. सोमवारी फॉर्म देऊन राहिलो. @रामटेकची_पोट्टी ताई, दोन्ही मोजे सुती की एक लोकरी?

रामटेकची_पोट्टी:
मेमध्ये लोकरी घालशील काय बे, सुती.