अनुभव धागा: पोर्तुगालच्या किनाऱ्यावरची सुट्टी

पोर्तुगाल ठरवणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. पाण्यात उतरता येतं का, गाडी घ्यावीच लागते का, आईबाबांना झेपेल का, शाकाहारी माणसाने खायचं काय? ज्यांना हा किनारा नीट माहीत आहे त्यांनी इथे लिहा. प्रवासवर्णन नको. आकडे, वाटा आणि नेमकं कुठे फसायला होतं, ते हवं आहे.

* * *

सुरुवात पाण्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त हिरमोड तिथेच होतो. पश्चिम किनारा आणि दक्षिणेचा अल्गार्व हे दोन वेगळे समुद्र आहेत असंच धरून चला. लिस्बनच्या आसपास आणि तिथून वर उत्तरेला ऐन ऑगस्टातही पाणी १६ ते १९ अंश असतं. उन्हाळाभर उत्तरेकडून वारा वाहतो, त्याला तिथे नॉर्ताडा म्हणतात. तो वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून लांब लोटतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. पूर्व अल्गार्वला, तावीराच्या बाजूला, त्याच दिवसांत २१ ते २३ अंश मिळतात. मुलं लहान असतील तर दुसरा विचार न करता तिकडे जा.

हा वारा दुपारनंतर चढतो. लिस्बनजवळच्या कश्काइश गावालगतच्या गिंशो किनाऱ्यावर तीन वाजता वाळू पोटऱ्यांना टोचते. म्हणून सकाळ किनाऱ्यावर आणि दुपार गावात घालवा. छत्री टिकत नाही. तिथले लोक चार-पाच काठ्यांना शिवलेला लांब कापडी पडदा वापरतात, किनाऱ्यालगतच्या दुकानांत मिळतो. तो सरळ रेषेत लावला तर उपटला जातो. कमानीसारखा वाकवून, फुगवटा वाऱ्याकडे ठेवून लावा. वरची कोरडी वाळू बाजूला करून काठी खालच्या ओल्या वाळूत हातभर गेली पाहिजे.

* * *

ताईंनी पाण्याचं लिहिलं, त्याला झेंड्यांची जोड देतो. हिरवा म्हणजे पोहा. पिवळा म्हणजे "सांभाळून पोहा" असा अर्थ आपण लावतो, तो चूक आहे. पोर्तुगालमध्ये पिवळ्या झेंड्याला पोहायला मनाई असते, फक्त पाय बुडवता येतात. लाल म्हणजे पाण्याला शिवायचंच नाही. निळा-पांढरा चौकटींचा झेंडा दिसला तर जीवरक्षक तेवढ्यापुरता जागेवर नाही. मदतीसाठी क्रमांक ११२.

* * *

अल्गार्वमधल्या लागोस आणि अल्बुफेरा भागातल्या कड्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे जिवावर बेतू शकतं.

पिवळसर कडे दिसायला भक्कम, पण दगड ठिसूळ. पाऊस आणि लाटा ते आतून पोखरत असतात. २१ ऑगस्ट २००९ रोजी अल्बुफेराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जण गेले. कड्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून बसायचं, हा नियम. कडा २० मीटरचा असेल तर ३० मीटर लांब. दुपारी कड्याखालची सावली खुणावते, पण नेमकी तीच जागा धोक्याची. छोट्या किनाऱ्यांवर भरतीला एवढी जागा उरतच नाही. अशा वेळी सरळ मेया प्रायासारखा चार किलोमीटरचा मोकळा किनारा गाठा.

दुसरं, भरती-ओहोटीचं कोष्टक. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, तरी उधाणाला इथे पाणी तीन-साडेतीन मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला कड्यांच्या पायथ्याने एका खाचेतून दुसऱ्या खाचेत चालत जाता येतं आणि माणसं तिथेच अडकतात. पाणी सगळ्यात जोरात चढतं ते भरती सुरू झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या तासात. एकूण चढाचा जवळजवळ निम्मा भाग त्या दोन तासांत येतो. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघा आणि पाणी फिरलं की लगेच मागे वळा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कालची आज चालत नाही.

अल्गार्वमधल्या बेनाजिलच्या समुद्रगुहेचे जुने फोटो पाहून जाऊ नका. २०२४ पासून आत वाळूवर उतरायला आणि पोहत जायला बंदी आहे, कयाकही वाटाड्यासोबतच. नुसती गुहा वरून पाहायची असेल तर मारिन्या किनाऱ्यापासून सात दऱ्यांची पायवाट धरा. एका बाजूने सहा किलोमीटरच्या आत आहे. वाटेत सावली जवळजवळ नाही, माणशी दीड लिटर पाणी घ्या.

* * *

गाडीशिवाय जमतं. लिस्बनच्या काइश दु सुद्रे स्थानकातून कश्काइशची लोकल सुमारे ४० मिनिटांत पोचते. जाताना डावीकडे बसा, पाणी त्या बाजूला. नावेगांत कार्ड ५० सेंटचं, त्यात पैसे भरून वापरायचं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाला वेगळं लागतं.

लिस्बनहून लागोसला रेल्वेने जाताना तुनेशला गाडी बदलावी लागते. लांबच्या गाड्यांची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. ६५ वर्षांवरच्यांना ओळखपत्रावर निम्मं तिकीट, पासपोर्ट हाताशी ठेवा.

गाडी घेतलीच तर अल्गार्वमधल्या ए-२२ रस्त्याचा टोल १ जानेवारी २०२५ पासून बंद आहे. लिस्बनहून खाली येणाऱ्या ए-२ वर मात्र आहे.

* * *

आईबाबा सोबत असतील तर कड्यांचा अल्गार्व सोडा. लागोसच्या कामिलो किनाऱ्यावर उतरायलाच सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. फारो शहराच्या पूर्वेला रिया फोर्मोझाची खाडी आणि तिच्यापुढे वाळूची बेटं आहेत. ओल्याँवच्या धक्क्यावरून आर्मोना आणि कुलात्राला बोटी सुटतात, बेटांवर मोटारी नाहीत. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरताच फलकावर बघून ठेवा. तावीराजवळ बारीलला बोटही लागत नाही. छोटा पूल ओलांडला की लहानशी आगगाडी थेट वाळूपर्यंत नेते. तिथे टेकड्यांवर रांगेने गंजलेले नांगर मांडलेत, ते पूर्वीच्या ट्यूना मासेमारीतले, जाळी तळाशी धरून ठेवणारे.

* * *

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, ती म्हणजे पेइश-आरान्या, अर्थात कोळी-मासा (जाळं विणणारा कोळी, त्यावरून). ओहोटीला उथळ पाण्यात तो वाळूत रुतून बसतो आणि पाठीचा काटा वर असतो. पाय पडला की शिंगाळ्याचा काटा लागल्यासारखी कळ जाते. बर्फ लावू नका. त्याचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, निदान अर्धा तास पाय ठेवायचा. चटका बसू नये म्हणून पाणी आधी न दुखणाऱ्या पायावर बघा. जीवरक्षकांना हा प्रकार चांगला माहीत असतो, थेट त्यांच्याकडे जा. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घातले तर बराच बचाव होतो.

* * *

आता जेवण. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, मग बिलात लागत नाही. मासा बऱ्याचदा किलोच्या भावाने असतो. भाजण्याआधी वजन विचारा, नाहीतर बिल पाहून दचकायला होतं. सार्डिन जून ते सप्टेंबर खा, तेव्हा ती चरबीने भरलेली असते. पावाच्या जाड कापेवर ठेवून हाताने खायची. तेल कापेत मुरतं, ती शेवटी खायची, खरी चव तिच्यात.

शाकाहाऱ्यांनी "सें कार्ने, सें पेइशे" म्हणजे मांस नको, मासा नको, हे पाठ करावं. काल्दु वेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप निरुपद्रवी वाटतं, पण त्यात शोरीसूची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती असते, आपल्या गोव्याच्या चोरीसचीच जातकुळी. चकती काढून दिलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो, ते वेगळं विचारा. भाज्यांचं सूप, आम्लेट, ताजं चीज, टोमॅटोची कोशिंबीर हे बहुतेक ठिकाणी मिळतं. बटाटा मागायला शब्द शोधावा लागत नाही, बताता म्हटलं की ताटात येतो.

* * *

लिस्बनच्या उत्तरेला असलेल्या नाझारे गावच्या प्रचंड लाटांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: त्या जुलैत नसतात. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम, त्यातही लाटांचा अंदाज बघून जा. तिथे समुद्राखाली खोल दरी थेट किनाऱ्याजवळ येते, म्हणून लाट एवढी उभी राहते. ऑक्टोबर २०२० मध्ये २६.२१ मीटरची लाट सर्फ केली गेली. बघायला दीपगृहाचा किल्ला, गावातून १८८९ पासून चालणाऱ्या दोरीच्या रेल्वेने वर सीतियूला जायचं आणि तिथून पायी उतरायचं. परतीचा चढ आहे. जाकीट घ्या, तुषार अंगावर येतात.