चर्चा: फ्लॅटमधल्या टाकीत ऑस्कर पाळावा का?

धागालेखक (ठाणे):
शोभिवंत माशांच्या दुकानात ऑस्करचे पिल्लू जेमतेम दोन पेरांएवढे असते आणि ते दोन फुटी टाकीत सुखाने राहील, असे घेणाऱ्याला बिनदिक्कत सांगितले जाते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा सिक्लिड कुळातला मासा वर्षभरात वीतभर होतो, पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. दोन फुटी टाकीची रुंदी बहुधा एक फूटच असते. म्हणजे पूर्ण वाढलेल्या माशाला तिच्यात धड वळताही येत नाही. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकी घ्यावी, तर तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी मावते आणि काच, वाळू व स्टँड धरून वजन ३०० किलोंच्या पुढे जाते. ज्या घरांत पाणी दिवसाकाठी तासभर येते, तिथे दर आठवड्याला त्यातले पाऊणशे लिटर पाणी बदलणार कोण? माझे स्पष्ट मत असे आहे की शहरातल्या सामान्य फ्लॅटमध्ये हा मासा पाळूच नये.

प्रतिसाद १ (कोल्हापूर):
आपले आकडे बरोबर आहेत, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. बाजारात येणारे ऑस्कर नदीतून पकडून आणलेले नसतात. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढवलेल्या माशांची ती पिल्ले असतात. शिवाय हा मासा माणसाला ओळखतो, यात अतिशयोक्ती नाही. माझा ऑस्कर मी खोलीत आलो की काचेशी येऊन उभा राहतो, हातातला दाणा उचलतो आणि नको असेल तर तो थुंकून पुन्हा माझ्याकडे पाहतो. टाकीतला दगड हलवला, तर तळाशी आडवा पडून राहतो. नवख्या माणसाला तो मेला असेच वाटेल. इतका जाणता प्राणी ज्याला मनापासून सांभाळायचा आहे, त्याला सरसकट नकार देणे योग्य नाही. टाकी मोठी हवी आणि फिल्टर दणकट हवा, एवढेच सांगावे.

धागालेखक:
मासा जाणता आहे, म्हणूनच माझा विरोध अधिक आहे. फिल्टरबाबत मात्र सविस्तर बोलायला हवे. ऑस्कर भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. तिच्यातून निघणाऱ्या अमोनियाचे फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट पाणी बदलल्याशिवाय फारसे कमी होत नाही. पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी, तितका अमोनिया अधिक घातक ठरतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत चूक पचत नाही. वीज काही तास गेली, तर प्राणवायूअभावी तेच जिवाणू मरू लागतात. डोक्यावर खड्डे पडलेले ऑस्कर अनेकांनी पाहिले असतील. त्या विकाराचा संबंध खराब पाणी आणि निकस आहार यांच्याशी लावला जातो. हे सारे विकत घेण्याआधी किती जणांना ठाऊक असते?

प्रतिसाद २ (सोलापूर):
मला या दोन्ही बाजूंपेक्षा तिसरी काळजी मोठी वाटते. मासा टाकीत मावेनासा झाला की लोक दया म्हणून त्याला तलावात सोडतात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत ऑस्करने कायमचे बस्तान बसवले आहे. आपल्याकडचे उदाहरण तिलापियाचे आहे. तो याच कुळातला आफ्रिकी मासा असून १९५२ साली उत्पादनासाठी मुद्दाम भारतात आणला गेला, आणि आज उजनीच्या जाळ्यांत ‘चिलापी’ भरभरून येतो, तर स्थानिक मासे कमी झाल्याची तक्रार मच्छीमार करतात. ज्यांना सिक्लिडच हवा आहे, त्यांनी दक्षिण भारतातला ऑरेंज क्रोमाइड पाहावा. तो आठ सेंटिमीटरच्या आसपासच राहतो, जोडीने पिल्ले सांभाळतो आणि ती पिल्ले आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. हे पाहण्यासारखे दुसरे काय असेल?

प्रतिसाद १:
क्रोमाइड सुंदर आहे, परंतु ज्याला ऑस्करचा लळा लागला आहे, त्याची भूक त्याने भागणार नाही. तलावात सोडण्याला माझाही ठाम विरोध आहे. तथापि तो दोष सोडणाऱ्याचा आहे. त्यासाठी दहा वर्षे मासा सांभाळणाऱ्याला अडवू नये.

धागालेखक:
सोडणारा आणि सांभाळणारा हे दोघेही एकाच दुकानातून तेच पिल्लू नेतात आणि त्या दिवशी त्यांच्यात फरक करता येत नाही. म्हणून जबाबदारी विक्रीच्या जागी यायला हवी. टाकीवर किमतीशेजारी पूर्ण वाढीचा आकार लिहिलेला असावा, आणि मासा मोठा झाल्यास परत घेऊ, असे दुकानदाराने पावतीवर लिहून द्यावे. असे लिहून देणारे दुकान आपल्या शहरात असेल, तर कोल्हापूरकरांनी जरूर कळवावे. तेवढ्या अटीवर मी माझा आक्षेप मागे घेईन.