अनुभव धागा: तुमच्याकडचा पोळा (की बेंदूर?)

पोळा कधी, यावरून आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. मी अकोल्याकडची, माझा पोळा श्रावण अमावास्येला. नवरा सांगलीचा, त्याचा बेंदूर आषाढातच आटोपतो. शेजारच्या काकू जुन्नरच्या, त्यांचे बैल भाद्रपद अमावास्येला, ऐन सर्वपित्रीला सजतात. पेरणी-कोळपणी उरकून बैलाच्या मानेवरचं जू उतरलं की त्याचा सण, एवढं मात्र तिघांनाही मान्य. (कृष्णाने पोलासुराला मारलं म्हणून पोळा, असं आजी सांगायची. त्यात बैल कुठून आला विचारलं की 'गप जेव' म्हणायची.)

तुमच्याकडे काय करतात ते लिहा. घरी बैल नसले तरी चालेल. सुरुवात मी करते.

मला पोळ्यापेक्षा आदल्या दिवसाची खांदशेकणी आवडायची. वर्षभर जू घासून बैलाच्या मानेवर घट्टा पडलेला असतो, चपलेच्या तळव्यासारखा. बाबा तिथे तूप-हळद चोळायचे आणि पळसाचं पान कोमट पाण्यात बुडवून शेकायचे. बैल डोळे मिटून मान लांब करायचा. मग कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे आईने म्हणायचं असा नियम होता, कारण जेवण ती करणार.

सांगलीकर (वरच्या बाईंचा नवरा)
आमच्याकडे बेंदराला कर तोडतात. वेशीत पानं बांधलेली दोरी आडवी धरायची आणि बैल पळवत आणून ती तोडायची. ज्याचा बैल पहिला, त्याची वर्षभर मिजास. शिंगं साळून, हिंगूळ लावून, झूल घालून आमचा पाखऱ्या एकदा सगळ्यांच्या पुढे सुटला, दोरीपाशी पोचला आणि तिची पानं खात उभा राहिला. मागचे बैल येऊन धडकले तरी हलला नाही. आजोबा दोन दिवस चावडीकडे फिरकले नाहीत.

नागपूरहून
आमच्या घरी तीन पिढ्या नोकरीतल्या, गोठा कधी नव्हताच. पण नागपुरात त्याने काही अडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. चाकं लावलेला लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागायचा. माझ्या बैलाचं मागचं एक चाक निघालेलं होतं, तो लंगडतच फिरायचा. "बैल म्हातारा झाला काय रे?" म्हणत एका आजींनी मला सगळ्यांपेक्षा जास्त बोजारा दिला. पुढच्या वर्षी बाबांनी चाक बसवलं, मी ते गुपचूप काढलं.

त्याच दिवशी सकाळी मारबत, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झाली म्हणून लोकांच्या रोषाला कारण ठरलेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं मानतात. इतवारीच्या गर्दीत दोघींची भेट होते आणि सगळं शहर ओरडतं, "घेऊन जा गे मारबत!" रोगराई, महागाई, ज्याचं जे दुखणं असेल ते तिच्यासोबत धाडायचं. सोबतच्या बडग्यांवरच्या, म्हणजे पुरुषांच्या पुतळ्यांवरच्या, पाट्या तर वाचाव्यात. वर्षभराच्या राजकारणाचा हिशेब तिथेच होतो. मी एकदा दहावीचं गणित धाडलं होतं. ते परत आलं.

यवतमाळ
झडत्यांबद्दल, म्हणजे पोळ्यातल्या कवनांबद्दल, कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तोरणाखाली बैल उभे राहिले की एक जण झडती म्हणतो. त्यात सावकार, पाटील, पाऊस, सगळ्यांना टोमणे, आणि शेवटी सगळे मिळून "हर बोला हर हर महादेव!" मानाच्या बैलाने तोरण तोडलं की पोळा फुटला. माझे काका झडत्या रचायचे. पाटलांच्या तोंडावर, पाटलांच्याच तोरणाखाली त्यांना सुनवायचे, आणि संध्याकाळी त्यांच्याच घरी बैल ओवाळायला न्यायचे.

ठाणे
आमच्याकडे कुंभाराकडची मातीची बैलजोडी, बाकी सगळी पिठोरी, त्याच अमावास्येचं आयांचं व्रत. आई चौसष्ट योगिनींची पूजा करायची, मग खीर-पुरीचं ताट डोक्यावर घेऊन मागे न बघता विचारायची, "अतीत कोण?" मागे उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं. धाकटा भाऊ दरवेळी माझं नाव सांगायचा.

जुन्नरच्या काकू (सुनेच्या मोबाइलवरून)
आमचे बैल चार वर्षांपूर्वी विकले. आता ट्रॅक्टरलाच हळद-कुंकू लावतात. पहिल्या वर्षी ह्यांनी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली, ती कुत्र्याने नेली. तेव्हापासून पोळी शेजारच्या बैलाला देते. तो आता आमच्या दारापाशी आला की आपणहून थांबतो.

यवतमाळ
काकू, तो सणालाच थांबतो की रोज?

जुन्नरच्या काकू
रोज. म्हणून तर भाकरी दोन जास्त थापते.