फुल्चीचा 'द बियाँड' : भीती की नुसती कापाकापी?

टिळकवाडीकर :
इटालियन दिग्दर्शक लुचिओ फुल्चीचा १९८१ चा 'द बियाँड' बघितला आणि डोकं उठलं. लुइझियानातलं जुनं हॉटेल, १९२७ साली लोक तिथल्या एका चित्रकाराला मांत्रिक ठरवून साखळीनं मारतात, भिंतीला खिळे ठोकून अंगावर चुना ओततात. हॉटेलखाली नरकाच्या सात दारांपैकी एक. पुढं लायझा नावाच्या बाईला ते हॉटेल वारशानं मिळतं आणि ती दुरुस्तीला काढते. इथवर झकास. मग नुसते डोळे फोडणं सुरू. पाण्याचं काम बघायला आलेल्या प्लंबरनं कुणाचं काय वाकडं केलं होतं ओ? आजीच्या गोष्टीतलं भूतसुद्धा हिशेब धरून असायचं, ज्यानं जीव घेतला त्याच्याच मागं लागायचं. इथं मारणारे मोकळे आणि भलत्यांचे हाल. याला भयपट म्हणायला माझं मन तयार नाही.

खानापूरची पोर :
खरं तीच तर भीती की ओ! हिशेब असला की माणूस निर्धास्त, आपण काय केलं नाही तर आपल्याला काय होणार. तो सीन परत बघा, तळघरात पाणी तुंबलंय, हा बिचारा ओली भिंत फोडतोय आणि मागनं हात येतो. जुनं घर उतरवताना आपल्याकडं आधी नारळ का फोडतात? दोष कुणाचा का असेना, पहिला हात लावणारा सापडतो म्हणूनच की.

अनगोळकर :
आणि ते कोळी? शिडीवरनं पडलेला माणूस हलत नाही, कोळी सावकाश येऊन तोंड कुरतडायलेत, त्यातले कितीतरी खोटे हे सरळ दिसतंय तरी कॅमेरा तिथनं हलत नाही. किळस आली, भीती नाही.

खानापूरची पोर :
कोळ्यांचा सीन लांबलाय, मान्य. खरं एमिलीचं काय? आंधळी बाई, मेलेली माणसं घरात शिरल्यावर कुत्र्याला अंगावर सोडते, तो तिला वाचवतो आणि दुसऱ्या क्षणी तोच तिच्या गळ्याला लागतो. मला तिथं रक्तापेक्षा तिचा विश्वास तुटलेला जास्त लागला.

शहापूरकर :
एक सांगतो, अमेरिकेत १९८३ ला हा 'सेव्हन डोअर्स ऑफ डेथ' नावानं आला, रक्ताचे सीन कापून, फाबिओ फ्रित्झीचं संगीत काढून दुसरं घालून. म्हणून काय कथा कळायला लागली नाही, उलट जीवच गेला. त्यामुळं रक्त कमी केलं की पिक्चर सुधारेल हे मला पटत नाही.

टिळकवाडीकर :
मग हॉस्पिटलचं सांगा. डोक्यात गोळी घातली की उठून आलेलं मढं पडतंय हे डोळ्यांसमोर दिसतंय, तरी डॉक्टर छातीवर गोळ्या घालत बसतो. हे स्वप्नासारखं मुद्दाम केलंय असं कुणी म्हणेल, खरं हा पटकथेचा आळस आहे.

खानापूरची पोर :
गोळ्यांचं बरोबर आहे तुमचं. खरं पुढं लायझा आणि तो डॉक्टर हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरतात आणि थेट हॉटेलच्या तळघरात पोचतात, तिथनं त्या चित्रकाराच्या चित्रात, कुठं बघावं तिकडं राख आणि पडलेली माणसं. पळायला जागाच नाही हे दुसरा कोण इतकं दाखवतो?

अनगोळकर :
शेवट भारीच आहे. खरं तिथवर पोचायला निम्मा पिक्चर डोळे झाकून बसावं लागत असेल तर ते दिग्दर्शकाचंच चुकलं, मी घरात कुणाला बघा म्हणणार नाही.