मदत हवी आहे: गल्लीतली जुनी बावडी जिवंत करायची आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही रामबाग भागातले काही शेजारी मिळून गल्लीतली एक जुनी बावडी साफ करायचं मनावर घेतलं आहे. 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, आणि घराघरात ओला-सुका कचरा वेगळा होतो. मग ही बावडी अशी शेवाळ आणि निर्माल्यानं भरलेली का राहावी?

पैसे आणि माणसं जमतील. काळजी सुरक्षिततेची आहे. 2023 च्या रामनवमीला आपल्याच शहरात बावडीवरचा स्लॅब खचून 36 जीव गेले, ते कोणीच विसरलेलं नाही. आमच्या बावडीच्या अर्ध्या भागावरही कधीतरी स्लॅब टाकलेला आहे, त्यामुळे तूर्त त्यावर कोणी उभं राहायचं नाही असं ठरवलंय. साचलेल्या गाळातून विषारी वायू निघतो, म्हणून मुलांना खाली उतरू देणार नाही. पंप लावून पाणी एकदम उपसलं तर बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबानं जुनी भिंत ढासळू शकते, हेही कळलंय.

तर स्लॅब आणि भिंतींची तपासणी करणारा भरवशाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या माहितीत आहे का? जागा सरकारी की खासगी हे आधी तहसीलमधल्या खसऱ्यात (जमिनीच्या नोंदीत) बघावं, की थेट निगमच्या झोन कार्यालयात अर्ज द्यावा? आणि पार्षदांना (नगरसेवकांना) आत्ताच सोबत घ्यावं का? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्याआधी गाळ काढायचा आहे.