मदत हवी आहे: इकॉनोमेट्रिक्सचा प्रॉब्लेम सेट दोघांनी वाटून केला, आता सरांना सांगावं का?

नमस्कार. मी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे, दुसरं सत्र सुरू आहे. काल रात्री इकॉनोमेट्रिक्सचा (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजायचा विषय) तिसरा प्रॉब्लेम सेट, म्हणजे गुणांचा गृहपाठ, सबमिट केला आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

कोर्स सुरू होताना सरांनी चार पानी हँडआउट दिलं होतं. एकूण आठ प्रॉब्लेम सेट, त्यांतला सर्वांत कमी गुणांचा एक वगळणार. उशीर झाला तर दर दिवसाला १०% कापणार. गुणांबद्दल तक्रार असेल तर सात दिवसांत लेखी द्यायची, पण मग पूर्ण सेट नव्याने तपासला जाणार, म्हणजे गुण कमीही होऊ शकतात. कोड दुसऱ्याच्या मशीनवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडता चालला पाहिजे. एआयची मदत घेतली असेल तर कुठे घेतली ते लिहायचं. आणि एकत्र अभ्यासाबद्दल एवढंच: चर्चा जरूर करा, पण कोड आणि लिखाण ज्याचं त्याने करायचं, आणि कोणाशी चर्चा केली त्याचं नाव वर द्यायचं. मी हे पहिल्या दिवशी वाचलं, पटलंही, आणि फाइल बंद केली ती केलीच.

माझा एक वर्गमित्र आहे. मला कोड जमतो, त्याचं लिखाण चांगलं आहे. पहिले दोन सेट आम्ही खरोखर वेगवेगळे केले, फक्त अडलं तिथे एकमेकांना विचारलं. तिसऱ्याच्या आठवड्यात दुसऱ्या विषयाची परीक्षा आली. मग आम्ही काम वाटून घेतलं. स्टॅटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची डू-फाइल, म्हणजे कमांडची फाइल, मी लिहिली, निष्कर्षांचे परिच्छेद त्याने लिहिले. शेवटच्या तासाभरात एकमेकांचं घेतलं, चार शब्द इकडचे तिकडे केले आणि आपापल्या नावाने सबमिट केलं. वर कोणीच कोणाचं नाव लिहिलं नाही.

प्रश्न साधा होता. समीकरणात पगाराचा लॉग (लॉगरिदम) डावीकडे. शिक्षणाची वर्षं, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग (स्क्वेअर) उजवीकडे. शिक्षणाचा कोएफिशिअंट आला ०.००५. म्हणजे एक वर्ष जास्त शिकलं तर पगार जेमतेम अर्ध्या टक्क्याने जास्त. त्यावर मित्राने मोठा परिच्छेद लिहिला, की या नमुन्यात शिक्षणाला फारसा मोबदला मिळत नाही. मला तो वाचून थोडं विचित्र वाटलं होतं, पण लिखाण त्याच्याकडे होतं, म्हणून सोडून दिलं.

सबमिट केल्यावर मी सहज समराइझ (सरासरी, कमाल वगैरे दाखवणारी कमांड) चालवून बघितलं. शिक्षणाची सरासरी १३.४, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) १४, आणि कमाल ९९. नव्व्याण्णव वर्षं शिक्षण! कोडबुक (डेटातल्या आकड्यांचे अर्थ दिलेली फाइल) उघडलं तर स्वच्छ लिहिलं होतं की ९९ म्हणजे माहिती नाही. दीड हजार नोंदींत अशा ३७ निघाल्या. त्या काढल्यावर सरासरी ११.२ वर आली, स्टँडर्ड डेव्हिएशन ३.५ वर, आणि कोएफिशिअंट ०.०८ झाला.

म्हणजे आता दोघांचंही चुकलं आहे आणि हुबेहूब एकसारखं चुकलं आहे. माझ्या एका कमेंटमध्ये 'अनुभव' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं, तेही दोन्ही फाइलींत तसंच गेलं आहे. अजून कोणी काही विचारलेलं नाही. गप्प राहावं आणि हाच सेट 'वगळलेला' म्हणून जाऊ द्यावा, की जाऊन सांगावं? सांगितलं तर मित्र अडकतो. आणि आम्ही जे केलं ती कॉपीच होती का? मला मनापासून वाटत होतं की आम्ही 'मिळून' अभ्यास करतोय.

प्रतिसाद

मी दोन वर्षं याच विषयाची टीए (शिकवण्या-तपासण्यात सरांची सहायक) होते, ढीगभर डू-फाइली तपासल्या आहेत. आधी एक गैरसमज दूर करते. ०.००५ हा आकडा दोघांचा एकच आला म्हणून कोणी तुम्हाला धरणार नाही. डेटा एक, मॉडेल एक, मग उत्तर एकच येणार. ९९ काढायचं राहिलेली मुलंही वर्गात बरीच असतील. मी तपासायचे ते वेगळंच. व्हेरिएबलला ठेवलेली नावं, कमेंटची भाषा, कमांडचा क्रम, गरज नसताना राहून गेलेली एखादी ओळ. एकट्याने लिहिलेल्या फाइलीला हस्ताक्षर असतं. चुकलेलं स्पेलिंग दोन फाइलींत दिसलं की मी पेन खाली ठेवून दोन्ही शेजारी शेजारी उघडायचे.

तेव्हा हे लक्षात येण्याची शक्यता भरपूर आहे. तपासणी सुरू व्हायच्या आत स्वतःहून सांगा. 'वगळलेला सेट' हा मार्ग तर धरूच नका. ती सवलत आजारपण, वाईट आठवडा, एखादा न जमलेला टॉपिक यासाठी असते. नियमभंगामुळे मिळालेलं शून्य वगळता येत नाही असं बऱ्याच कोर्सांमध्ये लिहिलेलं असतं. तुमच्या हँडआउटमध्येही तसं आहे का ते आज शांतपणे वाचा.

प्रतिसाद

सांगायला हवं हे मान्य. पण ताई, आधी मित्राशी बोला. तुम्ही थेट सरांकडे गेलात आणि त्याला ते वर्गात कळलं, तर मैत्री गेलीच, शिवाय त्याची स्वतःहून सांगण्याची संधीही तुम्ही काढून घेतलीत. त्याला सांगा की मी उद्या दुपारी मेल करणार आहे, तूही कर, किंवा दोघं मिळून जाऊ. तो नको म्हणाला तरी तुम्ही तुमच्यापुरतं सांगा. त्याच्या वतीने कबुली देऊ नका, आणि त्याला वाचवायला खोटंही लिहू नका.

मेल छोटा ठेवा. परीक्षा होती, झोप नव्हती, ताण होता, हे त्यात नको. मी असा लिहिला असता:

'सर, तिसऱ्या प्रॉब्लेम सेटमधला कोड मी लिहिला आहे, पण निष्कर्षांचा भाग माझा नाही. तो मी वर्गमित्राकडून घेतला आणि माझा कोड त्याला दिला. हे हँडआउटमधल्या नियमाविरुद्ध आहे आणि मी वर नावही दिलं नव्हतं. कोणी विचारण्याआधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. भेटायला कधी येऊ?'

बस, एवढंच. डेटातल्या ९९ चा उल्लेख या मेलमध्ये करू नका. नाहीतर गुण वाचवण्यासाठी धडपड चालली आहे असं वाटेल. ते भेटीत बोला.

प्रतिसाद

मी हा विषय शिकवतो. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

कॉपी होती का, असं तू विचारलंस. नियमाच्या भाषेत होती. पण तुझ्याच पोस्टमध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली असं दिसतं. डेटा तू हाताळलास, म्हणजे 'कमाल ९९' दिसण्याची संधी तुला होती. आकड्याचा अर्थ त्याने लावला, म्हणजे 'अर्धा टक्का फारच कमी वाटतो' हे खटकण्याची संधी त्याला होती. एकाच माणसाने दोन्ही केलं असतं तर अर्धा टक्का लिहिताना हात थबकला असता आणि तो मागे जाऊन डेटा बघून आला असता. तुम्ही काम मधोमध कापलंत आणि चूक बरोबर त्या कापलेल्या जागेतून निसटली. तुला परिच्छेद वाचून विचित्र वाटलंही होतं, पण ते 'त्याचं खातं' होतं. कोड आणि लिखाण दोन्ही स्वतः करा असं मी माझ्या हँडआउटमध्ये लिहितो ते याचसाठी. इकॉनोमेट्रिक्समध्ये कोड आणि लिखाण ही दोन वेगळी कामं नाहीतच.

आणि त्या ३७ नोंदींनी काय केलं ते कागदावर एकदा करून बघ. शिक्षणाचा पसारा ३.५ वरून १४ वर गेला, म्हणजे चौपट. व्हेरिअन्स, म्हणजे पसाऱ्याचा वर्ग, सोळापट. त्या ३७ जणांचे पगार इतरांसारखेच साधारण असणार, म्हणून को-व्हेरिअन्स (शिक्षण आणि पगार एकमेकांबरोबर किती हलतात ते) जवळपास होता तिथेच राहिला. रेषेचा उतार, म्हणजे तुझा कोएफिशिअंट, हा को-व्हेरिअन्स भागिले व्हेरिअन्स, तेव्हा उतार सोळाव्या हिश्शावर आला. ०.०८ चा सोळावा हिस्सा किती? ०.००५. अनुभवाचे व्हेरिएबल बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण तुझा आकडा कुठून आला ते पूर्ण कळतं. दीड हजारांतल्या ३७ जणांनी सगळी रेषा आडवी पाडली. वर्गात लेव्हरेजवर (टोकाच्या मोजक्या नोंदी रेषा कशी ओढतात त्यावर) तासभर बोलून जे पोचत नाही ते तुला आता आयुष्यभर लक्षात राहील. (आणि ०.०८ म्हणजे 'साधारण' ८% असं लिही. लॉगमुळे नेमकं ८.३% होतं.)

अशा चुका फक्त विद्यार्थ्यांच्या होतात असं समजू नकोस. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि विकासदर यांवरचा २०१० चा निबंध जगभर उद्धृत झाला. कर्ज जीडीपीच्या ९०% च्या वर गेलेल्या देशांचा सरासरी विकासदर त्यात उणे ०.१% होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने इकॉनोमेट्रिक्सच्या कोर्सचा गृहपाठ म्हणून तो निबंध पुन्हा करायला घेतला. आकडे जुळेनात. मूळ लेखकांनी त्याला आपली एक्सेल शीट दिली, आणि त्यात सरासरीचं सूत्र पाच देशांच्या ओळींपर्यंत पोचलंच नव्हतं. शिवाय काही वर्षांचा डेटा गाळलेला होता आणि देशांना दिलेल्या भारांकांवरही त्याचा आक्षेप होता. २०१३ मध्ये मायकेल अॅश आणि रॉबर्ट पॉलिन या आपल्या प्राध्यापकांबरोबर त्याने हे मांडलं. त्यांच्या हिशेबाने तो दर २.२% येत होता. एक्सेलमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, बाकी मुद्द्यांवर वाद चालू राहिला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या मुलाने सगळं पहिल्यापासून स्वतःच्या हाताने केलं म्हणून त्याला आकडे जुळत नसल्याचं कळलं. दुसऱ्याची शीट आधी मिळाली असती आणि त्याने ती तशीच चालवली असती, तर आकडे बरोब्बर जुळले असते.

सरांकडे जा. घाबरू नकोस. स्वतःहून आलेल्या मुलांशी आम्ही कसे बोलतो ते तुम्हा मुलांना बाहेरून कळत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद, पाच दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

मित्राला त्याच रात्री फोन केला. आधी चिडला, मग दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला, की मीही मेल करतो. दोघांनी वेगवेगळे मेल केले. सरांनी दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं. रागावले नाहीत. माझा प्रिंटआउट समोर ठेवला आणि ०.००५ वर बोट ठेवून म्हणाले, याचा अर्थ सांग. मी सांगितला. मग म्हणाले, हे तुला खरं वाटलं होतं का? मला बोलताच आलं नाही. मग ९९ चं सांगितलं, सोळापटीचा हिशेब त्यांच्याच फळ्यावर करून दाखवला. तो झाल्यावर ते पहिल्यांदा हसले.

दोघांनी तो सेट स्वतंत्रपणे पुन्हा करायचा, जास्तीत जास्त निम्मे गुण मिळतील, आणि हा सेट वगळला जाणार नाही. स्वतःहून आलात म्हणून पुढे कळवत नाही, दुसऱ्यांदा झालं तर कळवावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. मला हे न्याय्य वाटतं. मित्राला गुण कमी वाटतात, पण त्याने काल स्वतः डू-फाइल लिहायला घेतली आहे. पहिल्या तीन ओळींतच अडला होता, मी फक्त कमांडचं नाव सांगितलं.

आता एकच शंका. पुढच्या सेटला आम्हाला चर्चा करायचीच आहे, त्याशिवाय मला विषय कळत नाही. ती कुठपर्यंत करायची? आणि वर नाव लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?

प्रतिसाद

पुन्हा मीच, टीए. आमच्या गटात एक पद्धत होती: चर्चेला लॅपटॉप आणायचाच नाही. फळा किंवा कोरा कागद. कोणतं मॉडेल, कोणतं गृहीतक मोडतंय, स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) रोबस्ट पद्धतीचे का घ्यायचे, यावर हवं तेवढं भांडा. उठताना फळा पुसायचा, कागद फाडायचा, आणि मध्ये काही तास गेल्यावर आपापल्या जागी कोड लिहायचा. जे पुन्हा आठवून लिहिता येत नाही ते कळलेलं नसतं, मग पुन्हा विचारायला जा. एरर आला तर तो संदेश वाचून दाखवायला हरकत नाही, फाइल मात्र पाठवायची नाही. 'फक्त बघायला' म्हणूनही नाही.

आणि वर मोघम 'चर्चा केली' असं लिहू नका, काय घेतलं ते लिहा. डू-फाइलच्या अगदी पहिल्या ओळींत, कमेंट म्हणून. उदाहरणार्थ: 'प्रश्न २ मध्ये रोबस्ट स्टँडर्ड एरर का लागतात यावर वर्गमित्राशी फळ्यावर चर्चा. प्रश्न ४ मधली मर्जची (दोन डेटा फाइली जोडायची) कमांड त्याने सुचवली. बाकी कोड आणि सर्व लिखाण माझं. एआयची मदत नाही.' वर्गमित्राच्या जागी अर्थात त्याचं पूर्ण नाव.