रे: रे: चौथा होमरन आऊट कसा?

प्रेषक: ‘अ’ टीम कॅप्टन
मंडळी, रविवारच्या सॉफ्टबॉल मॅचमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. शनिवारच्या सेमीफायनलआधी सोक्षमोक्ष लावा. स्पर्धेच्या पत्रकात ‘प्रत्येक टीमला तीन होमरन, पुढचा आऊट’ एवढंच छापलंय; इथे होमरन म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेला फटका. आमचा चौथा त्यांच्या लेफ्ट फील्डरच्या ग्लोव्हला लागून कुंपणापलीकडे गेला. दोन आऊट होतेच, अंपायरने हात वर करून तिसरा दिला आणि इनिंगच खलास. तो तीनच्या कोट्यात मोजायचा का?

प्रेषक: क्रीडा समिती
पत्रकात नाही तिथे यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकन संघटनेचं (म्हणजे जुन्या एएसएचं) रूलबुक, हे मागेच ठरलंय. हवेतला चेंडू फील्डरला लागून फेअरमध्ये (फाऊल रेषांच्या आत) कुंपणापलीकडे गेला, तर चार बेस (म्हणजे रन) मिळतात आणि तो कोट्यात धरत नाहीत. टप्पा पडून गेला तर दोन बेस. मैदानातच पळून काढलेला होमरनही कोट्याबाहेर. म्हणजे निर्णय चुकला. पण प्रोटेस्ट जागच्या जागी, खेळ पुढे सरकायच्या आत करायचा असतो. सोमवारी ईमेलवर नव्हे. निकाल तोच राहील.

प्रेषक: जळगावची वहिनी
मुळात कोटा हवाच कशाला? आम्ही शाळेत फास्टपिच (जोरात चेंडू टाकायचं सॉफ्टबॉल) खेळायचो, तिथे चेंडू बॅटला लागला तरी टाळ्या पडायच्या. इथला नियम भावाला सांगितला तर म्हणतो, हे आपल्या गल्लीतलंच की, डायरेक्ट गच्चीवर गेला की आऊट!

प्रेषक: काका (राइट फील्ड, कायमचा)
वहिनी, आपल्या स्लोपिचमध्ये चेंडू कमान करून हळू येतो आणि हातात चेंडू लांब उडवणारी कॉम्पोझिट बॅट. कोटा काढा, चार धडधाकट पोरं कुंपणापलीकडेच मारत बसतील आणि आम्ही उन्हात मान वर करून बघू. मला विचाराल तर ‘वन-अप’ बरा: समोरच्या टीमपेक्षा एकच होमरन जास्त चालतो. त्यांनी मारला की आपल्यालाही मोकळीक.

प्रेषक: कोषाध्यक्ष
बॅटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, नवीन बॅटचं बिल पाठवू नका. आणि कुंपणापलीकडचे चेंडू शोधून आणा, दर मॅचला नवे उघडताय.

प्रेषक: ‘ब’ टीम
वन-अपमध्ये हिशोब कोण ठेवणार? आपला स्कोअरर तर रन मोजतानाच गप्पा मारतो. त्यापेक्षा ‘हिट अँड सिट’ घ्या. होमरन गेला की बेस न पळता सगळे थेट डगआउटमध्ये, टीमच्या बाकावर. वेळ वाचतो, काकांचे गुडघेही.

प्रेषक: काका
माझे गुडघे ठणठणीत आहेत. मागच्या पिकनिकला लंगडी कोण हरलं होतं?

प्रेषक: सचिव
नियम बदलणं कार्यकारिणीचं काम आहे. क्रीडा समितीने शिफारस करावी.

प्रेषक: क्रीडा समिती
बदल कुणी मागितलाय? शनिवारी तीनच होमरन, पुढचा आऊट, ग्लोव्हला लागलेला मोजायचा नाही. मॅचआधी दोन्ही कॅप्टननी अंपायरसमोर हे बोलून घ्यावं.

प्रेषक: सचिव
तरी शुक्रवारी साडेआठला झूमवर भेटू.

प्रेषक: ‘अ’ टीम कॅप्टन
शुक्रवारी साडेआठला आमची प्रॅक्टिस आहे.